तिकीट काढलं आणि दुसऱ्या दिवशी भाव उतरला, आता?

हडपसरहून बोलतोय. मागे हॉर्न ऐकू येत असतील तर ते सोलापूर रोडचे आहेत, त्यावर आपला इलाज नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ऑफिसात इअरफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा लेखी मजकूर नेहमीप्रमाणे खाली देतोय. बोलताना जी दोन-चार वाक्यं घसरली होती, ती लिहिताना सरळ केली आहेत.

आजचा विषय माझ्या रूममेटमुळे निघाला. तो मूळचा वर्ध्याचा, नोकरी मगरपट्ट्यात. मागच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. आईला ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये रात्रभर बसवायचं नाही, असं त्याने ठरवलं. स्वतः बसने वर्ध्याला जायचं, आईला घेऊन नागपूरला यायचं आणि दोघांनी विमानाने पुण्याला उतरायचं. आईचा पहिलाच विमानप्रवास. रविवारी रात्री ११ वाजता त्याने विमान कंपनीच्या ॲपवर दोन तिकिटं काढली, तीन आठवडे आधी. एकाचे ६,४०० रुपये, दोघांचे १२,८००.

मंगळवारी सकाळी चहा घेता घेता त्याने सहज भाव बघितला. तेच विमान, तीच वेळ, एका तिकिटाचे ४,६००. म्हणजे दोघांत ३,६०० रुपयांचा फरक. आणि याच्या डोक्यात एक रील बसलेली होती. इंग्रजी बोलणारा एक मुलगा फोन दाखवून सांगत होता की तिकीट स्वस्त झालं तर ॲपमध्ये जा, दोन बटणं दाबा, फरकाचे पैसे ट्रॅव्हल क्रेडिट म्हणून जमा होतात. याने तेच केलं. जुनी तिकिटं रद्द, रिफंड कुठे हवा तर ‘क्रेडिट’, नवीन तिकिटं काढली ९,२०० ची. मग मोठ्या उत्साहात मला क्रेडिट किती जमलं ते दाखवायला आला.

क्रेडिट होतं ६,८०० रुपये.

हिशोब करा. माणशी ३,००० रुपये रद्द करण्याचे कापले गेले. एकूण २२,००० खिशातून गेले, त्यातले ६,८०० क्रेडिटमध्ये अडकलेले. म्हणजे जी तिकिटं आधी १२,८०० ला हातात होती, तीच आता १५,२०० ला पडली. स्वस्त तिकिटाच्या नादात २,४०० रुपये जास्त. आणि ते ६,८०० सुद्धा रोख नाहीत, त्याच कंपनीत ठराविक मुदतीत खर्च करायचे.

रील खोटी होती का? नाही, आणि गंमत तिथेच आहे. रील खरी होती, पण अमेरिकेतली होती.

तिकडे हे कसं चालतं

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. ती हे सर्रास करते. शिकागोचं तिकीट काढलं, पंधरा दिवसांनी ६० डॉलर उतरलं, तर ॲपमध्ये ‘फ्लाइट बदला’वर जाते, तीच फ्लाइट पुन्हा निवडते आणि ६० डॉलर क्रेडिट म्हणून जमा होतात. कुणाला फोन करायला लागत नाही.

असं होऊ शकतं कारण तिकडे बदल करण्याचं शुल्कच काढून टाकलंय. २०२० मध्ये कोविडने विमानं रिकामी झाली, लोक तिकीट काढायलाच घाबरत होते. तेव्हा ३० ऑगस्ट २०२० ला युनायटेडने देशांतर्गत तिकिटांवरचं बदल शुल्क बंद केल्याचं जाहीर केलं, लगेच डेल्टा आणि अमेरिकन यांनीही तेच केलं. साउथवेस्ट ही कंपनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून बदल शुल्क घेत नव्हती. बदल फुकट झाला की किंमत उतरल्यावर फरक परत घेणं ही फक्त बेरीज-वजाबाकी उरते. कंपनी काही तुमच्यावर उपकार म्हणून क्रेडिट देत नाही, तुम्ही स्वतःच तुमचं तिकीट स्वस्त तिकिटाने बदलता.

पण तिथेही मेख आहे. सगळ्यात स्वस्त वर्ग असतो त्याला ‘बेसिक इकॉनॉमी’ म्हणतात आणि तो सहसा या सवलतीच्या बाहेर असतो. शिवाय क्रेडिटला मुदत असते. आणि ही शुल्कमाफी मुख्यतः अमेरिकेतून सुरू होणाऱ्या प्रवासासाठी आहे. तुम्ही मुंबईहून नेवार्कचं तिकीट काढलंत तर त्याच कंपनीचे नियम वेगळे लागू होऊ शकतात. तिकडच्या नातेवाइकाने सांगितलं म्हणून इकडे तसंच्या तसं करू नका. तिकिटावरच्या भाड्याच्या अटी वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांचं आहे.

भाव उतरतो तरी का

हडपसरच्या भाजी मंडईत संध्याकाळी उशिरा गेलात तर सकाळी ४० ला असलेली मेथीची जुडी १५ ला मिळते. सकाळी ४० ला घेणाऱ्याला भाजीवाली मावशी २५ रुपये परत देत नाही. विमानाचं बरंचसं तसंच आहे, फरक इतकाच की विमानात भाव दोन्ही बाजूंना पळतो. आणि शेवटच्या दिवसांत तो बहुधा वरच जातो, मेथीसारखा खाली येत नाही.

एका विमानात समजा १८० सीट आहेत. कंपनी त्या सगळ्या एका भावाने विकत नाही. आत वेगवेगळे कप्पे असतात, त्यांना बकेट म्हणतात. पहिल्या काही सीट सगळ्यात स्वस्त, त्या संपल्या की पुढचा कप्पा, मग त्यापुढचा. कंपनीचं सॉफ्टवेअर सतत बघत असतं की या तारखेला सीट नेहमीपेक्षा जलद जातायत की हळू. हळू जात असतील तर बंद केलेला स्वस्त कप्पा पुन्हा उघडतो. प्रतिस्पर्ध्याने त्याच मार्गावर नवीन उड्डाण टाकलं, सेल लागला, कुणी मोठं ग्रुप बुकिंग रद्द केलं, तरी भाव उतरतो. उलट दिवाळीत पुणे-नागपूर बघा. अर्ध्या विदर्भाला एकाच दोन दिवसांत घरी जायचं असतं, तेव्हा भाव उतरण्याची वाट बघणं म्हणजे गाडीतळावर संध्याकाळी सहा वाजता रिकामी बस येईल म्हणून थांबणं.

यातली एक युक्ती फार कमी जणांना माहीत आहे. स्वस्त कप्प्यात एकच सीट शिल्लक असेल आणि तुम्ही दोन माणसांसाठी शोधलंत, तर बहुतेक वेळा दोघांनाही पुढच्या, महागड्या कप्प्याचा भाव दिसतो. म्हणून दोघांचं तिकीट काढण्याआधी एकदा एका माणसासाठी शोधून बघा. भाव कमी दिसला तर दोन वेगवेगळी बुकिंग करता येतात. फक्त मग ती दोन वेगळी पीएनआर असतात हे लक्षात ठेवा. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर दोन्हींचं वेगवेगळं बघावं लागेल. आईसोबत पहिल्यांदा जाताना मी तरी हे केलं नसतं.

आपल्याकडे विमान भाडं सरकार ठरवत नाही. १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि तेव्हापासून भाडं कंपन्या ठरवतात. मधे एक अपवाद झाला. २५ मे २०२० ला लॉकडाऊननंतर विमानं परत सुरू झाली तेव्हा सरकारने देशांतर्गत भाड्याला वरची आणि खालची दोन्ही मर्यादा घातली होती. ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. म्हणजे तो काळ सोडला तर भाव उतरला म्हणून फरक द्या, असं कंपनीला सांगणारा नियम आपल्याकडे नाही.

पण दुसरा एक नियम आहे. रूममेटला तो माहीत असता तर ३,६०० रुपये वाचले असते.

पहिले २४ तास

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. विमान प्रवाशांच्या रिफंडबद्दल त्यांची नियमावली आहे, त्यात ‘लुक-इन’ नावाची एक सोय दिलेली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरेश प्रभू हवाई वाहतूक मंत्री असताना प्रवासी सनद आली, तिच्यातही ही गोष्ट ठळक होती. सोप्या भाषेत सांगायचं तर, तिकीट काढल्यापासून २४ तासांच्या आत तुम्ही ते रद्द केलंत किंवा बदललंत तर कंपनी वेगळं शुल्क घेऊ शकत नाही. बदलताना नवीन विमानाचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक भरावा लागतो, बस.

दोन अटी आहेत. एक म्हणजे प्रवासाला किमान सात दिवस बाकी हवेत. परवाचं तिकीट आज काढलं तर ही सोय नाही. दुसरी म्हणजे तिकीट थेट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेलं असावं. इथेच बहुतेकांची गोची होते, कारण आपण कूपनच्या मोहात तिकीट ट्रॅव्हल ॲपवरून काढतो. ३०० रुपयांची सूट मिळते आणि २४ तासांचा हक्क हातातून जातो. ॲपची स्वतःची सेवा फी असते ती वेगळी, आणि ती सहसा परत मिळत नाही.

अमेरिकेतही असाच २४ तासांचा नियम आहे, तिथेही सात दिवसांची अट आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने हा वेळ ४८ तासांवर नेण्याचा मसुदा मांडला. तुम्ही मात्र २४ तास धरूनच चला. जास्त मिळाले तर आनंद आहे, पण ४८ च्या भरवशावर राहून ३० व्या तासाला जाग आली तर शुल्क आपल्याच खिशातून जाणार.

आता रूममेटचं काय झालं बघा. रविवारी रात्री ११ ला तिकीट. याने भाव बघायला गूगल फ्लाइट्सवर ‘ट्रॅक’चं बटण चालू ठेवलं होतं, शहाणा आहे तसा. सोमवारी रात्री ८ वाजता भाव उतरल्याचं नोटिफिकेशनही आलं होतं. म्हणजे अजून तीन तास हातात होते. पण हा सेकंड शिफ्टला, फोन लॉकरमध्ये, घरी आल्यावर जेवला आणि झोपला. सकाळी बघितलं तेव्हा ३३ तास उलटले होते. सोमवारी रात्री ८ ते ११ च्या मधे त्याने रद्द करून पुन्हा काढलं असतं तर ३,६०० वाचले असते. मंगळवारी सकाळी तेच केल्यावर २,४०० गेले. मधला फरक ६,०००, म्हणजे बरोबर त्या दोन तिकिटांचं रद्द शुल्क.

म्हणून मी आता काय करतो सांगतो. तिकीट काढलं की लगेच फोनवर दोन अलार्म लावतो, एक १२ तासांनी आणि एक २२ तासांनी. नोटिफिकेशनवर विसंबत नाही. २२ व्या तासाला कंपनीच्या ॲपवर त्याच विमानाचा भाव बघायचा. उतरला असेल तर आधी जुन्या बुकिंगमध्ये ‘रद्द करा’ दाबून रिफंडची रक्कम किती दाखवतायत ते बघायचं, पण शेवटचं बटण दाबायचं नाही. शुल्क शून्य दिसलं तरच पुढे. मग नवीन तिकीट काढायचं, ते पक्कं झाल्याचा मेसेज आला की लगेच जुनं रद्द करायचं. आधी रद्द करून मग काढायला गेलात आणि त्या मिनिटाला स्वस्त कप्पा संपला, तर दोन्ही गेलं. मात्र दोन्हींत फार वेळ घालवू नका. एकाच विमानात एकाच नावाची दोन तिकिटं दिसली तर काही कंपन्यांची सिस्टीम ती डुप्लिकेट म्हणून पकडते.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. रिफंड लगेच येत नाही, म्हणजे काही दिवस दोन तिकिटांचे पैसे अडकतात. क्रेडिट कार्डने भरलं असेल तर रद्द केल्यापासून सात दिवसांत रिफंड व्हायला हवा असं नियमात आहे. महिनाअखेरीला खात्यात दोन हजार असताना हा खेळ खेळायला जाऊ नका.

२४ तास उलटल्यावर गणित एकच. माणशी भाव किती उतरला आणि माणशी शुल्क किती. उतार शुल्कापेक्षा जास्त असेल तरच हात लावा. समजा परदेशाचं तिकीट आहे, ३८,००० वरून ३१,००० झालं आणि रद्द शुल्क ५,००० आहे, तर २,००० सुटतात. पुणे-नागपूर किंवा पुणे-दिल्लीमध्ये असं क्वचित होतं. आणि ‘आम्ही घरचे पाच जण आहोत, फरक मोठा होतो’ असं वाटत असेल तर शुल्कही पाच वेळा लागतं, हे विसरू नका. माणसं वाढवून हे गणित सुधारत नाही.

रद्द न करता ‘बदल’ केला तर? बऱ्याच वेळा बदल शुल्क थोडं कमी असतं. पण नवीन भाडं कमी असेल तर फरक परत देतायत की गिळतायत, हे पैसे भरण्याच्या पानावर आकड्यात बघा. काही कंपन्या ‘फ्लेक्स’ प्रकारचं थोडं महाग भाडं विकतात, त्यात बदल शुल्क कमी किंवा माफ असतं. तारीख बदलण्याची शक्यता खरोखर असेल तर ते घ्यावं. फक्त भाव उतरेल या आशेवर घेऊ नये, आधीच जास्त भरून मग वाचवण्याला काय अर्थ आहे.

अजून एक खिडकी कधी कधी उघडते. ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी विमानांची वेळापत्रकं बदलतात. खूप आधी तिकीट काढलेलं असेल तर मधेच मेसेज येतो की तुमचं विमान अमुक वाजता नाही, तमुक वाजता सुटेल. आपण ‘ओके’ दाबून मोकळे होतो. दाबू नका! बदल मोठा असेल तर कंपन्या बहुतेक वेळा फुकट दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड देतात, पर्याय त्याच मेसेजच्या लिंकमध्ये असतो. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड हा पर्याय देणं डीजीसीएच्या नियमानुसार बंधनकारकच आहे. त्या दिवशी भाव आपल्या तिकिटापेक्षा खाली असेल तर रिफंड घ्या आणि नव्याने काढा.

क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत

आता ते ‘क्रेडिट’ बटण. रूममेटने रद्द करताना दोन पर्याय आले होते. वर मोठ्या रंगीत पट्टीत ‘क्रेडिट, लगेच मिळेल’ आणि खाली बारीक अक्षरात ‘मूळ खात्यात, सात दिवस’. त्याने वरचं दाबलं. आपण सगळेच वरचं दाबतो.

डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे की रिफंड क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनीने आपणहून तसं करायचं नाही. पण निवड तुम्हीच केलीत तर मग तुमचा आवाज बसतो. रूममेटने दोन दिवसांनी कंपनीला मेल केला की मला पैसे बँकेत द्या. उत्तर आलं, पर्याय आपणच निवडला आहे. आणि खरंच, बटण त्यानेच दाबलं होतं.

क्रेडिट घ्यायला मी एवढा का कचरतो, त्याला कारणं आहेत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लाखो लोकांचे पैसे क्रेडिट शेलमध्ये अडकले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १ ऑक्टोबर २०२० ला कोर्टाने निकाल दिला. लॉकडाऊनच्या काळात काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा आणि बाकीच्यांसाठी, कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर, ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असं क्रेडिट शेल. ते दुसऱ्याला देताही येईल, आणि वापरलं नाही तर शेवटी पैसे परत. शिवाय थांबवल्याबद्दल रक्कम वाढत जाईल, ३० जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि नंतर पाऊण टक्का. म्हणजे कोर्टानेही मान्य केलं की क्रेडिट देणं म्हणजे प्रवाशाचे पैसे वापरणं आहे, आणि वापरलेल्या पैशावर काहीतरी द्यावं लागतं. हे कोविडपुरतं होतं. आज तुमच्या क्रेडिटवर असं व्याज कुणी देत नाही.

त्या निकालानंतरही सगळ्यांना पैसे वेळेत मिळाले नाहीत. यात्रा या ट्रॅव्हल पोर्टलला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये आदेश दिला की लॉकडाऊनच्या तिकिटांचे उरलेले पैसे द्या. तेव्हा ४,८०० हून जास्त बुकिंगचे सुमारे अडीच कोटी रुपये बाकी होते. लॉकडाऊन २०२० चा, आदेश २०२४ चा!

आणि कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये झालं. गो फर्स्टने मे २०२३ च्या सुरुवातीला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि विमानं थांबली, पुण्याहून त्यांची विमानं जायची. जानेवारी २०२५ मध्ये ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. अशा वेळी प्रवासी हा देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो आणि त्या रांगेत पुढे बँका असतात. बँकेतले ६,८०० हे ६,८०० असतात. क्रेडिटमधले ६,८०० म्हणजे कंपनी चालू राहिली, मुदत संपली नाही, तुमच्या सोयीच्या मार्गावर त्यांचं विमान असलं, तर ६,८००.

ट्रॅव्हल ॲपवर ‘भाव उतरला तर फरक आम्ही देऊ’ किंवा ‘फ्री कॅन्सलेशन’ असे जे जादा पर्याय विकतात, तेही याच नजरेने बघा. फरक कशात देणार, वॉलेटमध्ये की बँकेत? वरची मर्यादा किती? त्या पर्यायाची किंमत किती? आणि तो आधीच टिक केलेला नाही ना? नकळत कार्टमध्ये काहीतरी घुसवणं, ‘फक्त दोन सीट उरल्या’ म्हणून खोटी घाई करणं, शेवटच्या पानावर किंमत फुगवणं, या सगळ्याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये असे १३ प्रकार नावानिशी मनाई केलेले आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तिकीट वाया गेलं, विमान चुकलं, भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ होतं, तरीही एक गोष्ट मागायची असते. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं, म्हणजे यूडीएफ, पीएसएफ वगैरे, ती परत करणं कंपनीला बंधनकारक आहे. सेलच्या तिकिटालाही. तुम्ही उडालाच नाहीत तर विमानतळाचं शुल्क कशाचं? शिवाय रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि रिफंडची ‘प्रक्रिया फी’ म्हणून वेगळे पैसे घेता येत नाहीत. सेलमध्ये १,५०० चं तिकीट काढून सोडून देणारे बरेच जण यातला एक रुपयाही मागत नाहीत.

तक्रार करायची झाली तर आधी कंपनीला लेखी, ॲपमधल्या चॅटपेक्षा मेल बरा. मग सरकारचं एअरसेवा ॲप. तिथेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मेलमध्ये रागाचा परिच्छेद नको. पीएनआर, तिकीट काढल्याची आणि रद्द केल्याची तारीख-वेळ, किती कापले, किती हवेत, एवढंच. २४ तासांच्या प्रकरणात तर ती दोन वेळांची नोंद हाच सगळा पुरावा असतो.

आईचं ऑपरेशन नीट झालं, ते सांगायचं राहिलं. लोहगावला नवीन टर्मिनलमध्ये उतरल्यावर काकूंनी पहिला प्रश्न विचारला, ‘इतकं चालायचं होतं तर बस काय वाईट होती?’ महिनाभर त्या आमच्याकडेच होत्या, ससाणेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्हाला दोन वेळचं गरम जेवण मिळत होतं, त्यामुळे त्या ६,८०० चा विषय कुणी काढला नाही. परतीचं तिकीट काढताना मात्र रूममेटला ते क्रेडिट आठवलं. काकूंचं नागपूरचं तिकीट ५,१०० ला मिळालं, ते त्यातून गेलं. उरले १,७००. ते संपवायला तो आता पुणे-गोवा शोधतोय, मुदत संपायला दोन महिने आहेत आणि सगळ्यात स्वस्त भाव २,९०० दिसतोय. मी म्हटलं, १,७०० वाचवायला १,२०० आणि गोव्याचा खर्च? तो म्हणाला, तू गप्प बस.

पुढच्या एपिसोडमध्ये हडपसर स्टेशनवरून सुटणाऱ्या गाड्या आणि तत्कालचं गणित. तुमचा रिफंड अडकला असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पण पीएनआर नंबर पाठवू नका, तो आपला आपल्याकडेच ठेवा.